पिवळं पान आणि मागच्या महिन्याची भानगड

सोसायटीत कुणाच्याही मनीप्लांटचं पान पिवळं पडलं की त्याचा फोटो मला येतो. मी कधीकाळी बॉटनीत बीएस्सी केलं आणि पुढे सगळी वर्षं बँकेत काढली, पण लोकांच्या लक्षात बॉटनी तेवढी राहिलीय, त्याला माझा इलाज नाही. फोटो बहुतेक वेळा एकाच पानाचा असतो, दोन बोटांत धरलेलं, फुल झूम, आणि खाली "ताई याला काय झालं? कुठलं औषध मारू?" कुंडी दिसत नाही, माती दिसत नाही, खिडकी कुठे आहे कळत नाही, शेजारचं पान कसंय तेही नाही. मग मी उलटे प्रश्न विचारायला लागते, की हे पान शेंड्याकडचं का बुडाकडचं, कुंडी कुठे ठेवलीय, ताटलीत पाणी साठतं का, पाणी नळाचं का टँकरचं, आणि मागच्या महिन्यात कुंडीत काय काय घातलंत. इथपर्यंत आलं की समोरचा वैतागतोच, कारण त्याला औषधाचं नाव हवं असतं आणि ही बाई चौकशी आयोग बसवतेय.

पण इलाज नाही हो, पान उशिरा बोलतं. आज जे पिवळं दिसतंय त्याची सुरुवात कधी दोन आठवड्यांपूर्वी, कधी महिन्यापूर्वी झालेली असते. मुळं आधी बिघडतात, ती मातीत असतात म्हणून कुणी बघत नाही, आणि वर पानावर कळेपर्यंत खालचा खेळ बराच पुढे गेलेला असतो. पान म्हणजे शिळा पेपर आहे, बातमी खरी असते पण जुनी. नुसत्या पानाच्या फोटोवरून औषध मागणाऱ्याला मी काय सांगू.

त्यात मनीप्लांट म्हणजे बोलायला फक्त पानंच. जास्वंदीच्या कळ्या गळाल्या, मोगरा फुलायचा थांबला तर काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळतं, पण मनीप्लांटला फूल कुणी पाहिलंय? माणसाने लावलेल्या मनीप्लांटला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. त्याचं कारण 2016 साली सापडलं, फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक या झाडाला नीट बनवताच येत नाही, त्यासाठीचा जीनच नीट चालत नाही. मूळचं हे झाड पॅसिफिकमधल्या मोऑरिया बेटावरचं. 1880 साली त्याचं शास्त्रीय नाव पडलं आणि त्यानंतर ते बदलत बदलत आताच्या एपिप्रेमनम ऑरियमपर्यंत आलं, तोवर झाड जगभरच्या खिडक्यांत पोचलं, तेही बिया न देता, नुसत्या तोडलेल्या फांद्यांवर. आपल्याकडे तर चोरून आणलेलं मनीप्लांट जास्त वाढतं असं म्हणतात, त्यामुळे जिन्यातल्या कुंड्यांमधून एखादी फांदी गायब झाली की कुणी पोलिसात जात नाही.

तर पिवळेपणा. मला येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेकांमागे एकच कारण असतं आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. पाणी जास्त होतंय. "पण मी तर रोज थोडंसंच घालते" हे उत्तर ठरलेलं, आणि रोज थोडंसं हाच तर प्रॉब्लेम आहे. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटींमध्ये हवा असते, तिथे सारखं पाणी भरून राहिलं की मुळांची बारीक टोकं गुदमरून मरतात, मग पिथियमसारखी मूळकुजव्या मंडळी येतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे माती ओली आणि झाड मात्र तहानलेलं. पानं लोंबतात. लोंबलेली पानं बघून घरातलं कुणीतरी दयाळू माणूस अजून एक तांब्या ओततं. हे चक्र मी इतक्या घरांत बघितलंय की पानं लोंबली म्हणाल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, कुंडी उचलून बघितली का, जड आहे का हलकी?

तहानलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते, पान पातळ आणि मऊसर होऊन आत वळतं, आणि पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी उठून बसतं. पाणी जास्त झालेल्या झाडाची कुंडी जड, पान लिबलिबीत, पिवळेपणा बुडाकडून वर चढत येतो, आणि देठाला हात लावला की पान सहज हातात येतं. माती चाचपायची तर वरवर नको, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंड्यांचा भुसा, वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घाला, नाहीतर जळून गेलेल्या उदबत्तीची काडी खुपसा, ती ओली होऊन माती चिकटवून वर आली तर पाणी द्यायचं नाही, विषय संपला.

इथे नर्सरीतल्या लाल मातीबद्दल बोलायलाच हवं. छोटी रोपं काळ्या पिशवीत ज्या चिकट लाल मातीत मिळतात ती माती गाडीत नेताना ढासळू नये म्हणून बरी असते, कुंडीत मात्र विटेसारखी होते. लोक घरी आणून तो गोळा तसाच्या तसा कुंडीत ठेवतात आणि आजूबाजूला महागाचं कोकोपीट, गांडूळखत वगैरे भरतात. मग पाणी बाजूने निघून जातं, नाहीतर गोळा एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही, आणि मुळं अडकलेली त्या गोळ्यातच. मूळकुजीची शंका आली तर धीर करून झाड कुंडीबाहेर काढा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी उरतं, आणि वास येतो, नाल्यासारखा. तेवढी मुळं कापून टाकायची, मोकळ्या मातीत लावायचं, आणि विम्याची पॉलिसी म्हणून दोन-तीन चांगल्या फांद्या गाठीच्या खाली तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवायच्या. मनीप्लांट इतकं मरणाला टेकूनही परत येतं की माझा त्याच्यावर जीव आहे, दुसऱ्या कुठल्या झाडाने एवढे लाड सहन केले नसते.

"किती दिवसांनी पाणी घालायचं" या प्रश्नाला उत्तर नाही हे मला माझ्या मावशीच्या आणि माझ्या झाडामुळे नीट दिसतं. मावशी डोंबिवलीला, मी पुण्यात, आणि माझं मनीप्लांट तिच्याच झाडाची फांदी आहे, म्हणजे शब्दशः तेच झाड. जुलैत डोंबिवलीत हवाच इतकी दमट की कुंडी वाळायचं नाव घेत नाही, तिने तेव्हा एप्रिलच्या हिशोबाने पाणी घातलं तर खालची पानं एकेक करून पिवळी होतात. माझ्याकडे एप्रिलमध्ये दुपारी हवा अशी कोरडी की पानांच्या कडा कुरकुरीत व्हायला लागतात, आणि डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की झाड वाढायचंच थांबतं, मग पाणीही कमी पितं. रात्रभर थंड वाऱ्यात राहिलेल्या पानावर काळपट डाग येतात, ते बघून बुरशीचं औषध आणणारे मी पाहिलेत. कुंडी आत घ्या एवढंच औषध.

कडांवरून आठवलं, पानाचं टोक तपकिरी होणं ही आमच्या भागातली दुसरी मोठी तक्रार. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरचं पाणी येतं, जड असतं, बादलीला पांढरा थर बसतो. झाड पाणी पितं आणि पानातून वाफ करून सोडतं, क्षार मात्र वाफ होत नाहीत, ते मातीत आणि पानाच्या टोकाशी साठत जातात. शेवटी टोक करपतं, अगदी टोकच, आणि करपलेल्या भागाला कधी कधी बारीक पिवळी किनार असते. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापडी दिसली तर शंका ठेवायचं कारण नाही.

आणि यात भर घालतं आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून लोक बादलीत धरून ठेवतात आणि झाडांना घालतात, हेतू अगदी चांगला. पण आरओ करतो काय, चांगलं पाणी एका नळीने आणि उरलेले सगळे क्षार दुसऱ्या नळीने. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत असं भारतीय मानक सांगतं, आणि टँकरचं पाणी मुळातच त्याच्या वर असेल तर त्याचा नको असलेला भाग म्हणजे काय ते बघा. त्याने फरशी पुसा, संडास धुवा, मनीप्लांटला नको. घालायचंच असेल तर अर्ध्याहून जास्त साधं पाणी मिसळा, आणि अधूनमधून कुंडीला खालून धो धो वाहेपर्यंत नळाचं नाहीतर पावसाचं पाणी द्या म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाकायचं, नाहीतर तेच परत वर चढतं. माझ्या वरच्या मजल्यावरच्या दादांनी हे ऐकलं आणि मग विचारलं, "म्हणजे आरओ बदलू का?" असो.

आता खत. पान फिकट दिसलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया म्हणजे याला काहीतरी खायला घाला. घरात कुणी आजारी पडलं तरी आपण तेच करतो. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, शिवाय कुणीतरी रीलमध्ये बघितलं म्हणून एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ. साखर-दुधाच्या चहाचा न धुतलेला चोथा घातला की कुंडीवर बारीक काळी चिलटं उडायला लागतात हे तर ठरलेलंच. खरंच काही कमी पडतंय का हे बघायची एक सोपी खूण आहे आणि ती मला कॉलेजात शिकलेल्या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी वाटते. नायट्रोजन, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्यं झाड एका पानातून काढून दुसरीकडे नेऊ शकतं, त्यामुळे टंचाई आली की झाड म्हाताऱ्या पानातून ती काढून शेंड्याच्या कोवळ्या पानाला देतं आणि खालची जुनी पानं आधी फिकी पडतात. नायट्रोजन कमी असेल तर अख्खं पान सारखं पिवळं होतं, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह मात्र एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून लोहाची कमतरता नव्या पानांवर दिसते, शिरांचं हिरवं जाळं आणि बाकी पान पिवळट. हे मनीप्लांटवर क्वचित, पण जड पाण्यावर वाढणाऱ्या कढीपत्त्यावर आणि मोगऱ्यावर नेहमी. त्या पाण्याने माती अल्कधर्मी होते, मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, त्यामुळे वरून कितीही शेणखत ओता, उपयोग नाही.

पण खालची पानं पिवळी पडतायत आणि माती ओली आहे तर तो नायट्रोजनचा प्रश्न समजू नका, मुळंच मेलीत तर खत खाणार कोण. उलट कुजलेल्या मुळांवर खत पडलं की उरलीसुरली मुळंही जळतात. आधी काडी, मग खत. बाटलीतल्या मनीप्लांटचं वेगळं, तिथे खरोखरच उपासमार असते, नुसत्या पाण्यात कितीसा नायट्रोजन असणार, तिथे फिकट पान दिसलं तर पाणी बदला आणि विरघळणारं खत अगदी चिमूटभर, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव.

एका मैत्रिणीचा किस्सा सांगायलाच हवा. तिचं नवीन मनीप्लांट, येणारं प्रत्येक पान पोपटी-पिवळं, जुनी पानंही तशीच. तिने नर्सरीत विचारलं, तिथे तिला लोहाचं औषध मिळालं, मग एक अ‍ॅप टाकलं, त्याने कसलीतरी कमतरता सांगितली, मग एप्सम सॉल्ट झालं. मी घरी गेले तेव्हा झाड मस्त होतं, चकाकत होतं, फक्त ते निऑन जातीचं होतं. त्याचा रंगच तो. एवढी औषधं पिऊन ते जगलं हीच त्याच्या तब्येतीची पावती. त्याच चालीवर, पांढरे पट्टे असलेल्या मार्बल क्वीनच्या पांढऱ्या भागावर तपकिरी डाग पडतात तेव्हाही लोक घाबरतात, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग स्वतःचं अन्न बनवत नाही आणि उन्हात किंवा कोरड्या हवेत पहिला तोच जातो. अंधारात ठेवलं की हेच झाड हळूहळू हिरवं व्हायला लागतं, पट्टे कमी होतात. तो आजार नाही, उजेड कमी पडतोय म्हणून केलेली जुळवाजुळव आहे.

अंधाराचा विषय निघालाच आहे तर, मनीप्लांट कुठेही जगतं म्हणून बाथरूममध्ये, टीव्हीमागे, देवघराच्या कोपऱ्यात, शिवाय वास्तुवाले सांगतात म्हणून आग्नेयेला, तिथे खिडकी असो नसो. जगतं हे खरं. पण कमी उजेडात ते पाणीही कमी पितं, आणि आपण मात्र गॅलरीतल्या झाडाइतकंच घालतो, की पुन्हा मूळकूज. पानं लहान होत गेली, दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं तर झाड उजेड शोधतंय. किंवा त्याला चढायला काही नाहीये. हे झाड मुळात वर चढणारं, खाली लोंबतं ठेवलं की पानं बारीक राहतात आणि खोडाला धरून चढू दिलं की मोठी होत जातात. मुंबईत जुन्या बागांमध्ये झाडाच्या बुंध्यावर चढलेलं मनीप्लांट बघा, सुपाएवढी, कापल्यासारखी चिरलेली पानं, लोकांना ते वेगळंच झाड वाटतं. रानात पूर्ण वाढलेलं पान मीटरभर लांब होऊ शकतं. उलटं म्हणजे ऊन, पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिलमध्ये सरळ ऊन लागलं की पानावर कागदासारखा पांढरट-तपकिरी डाग पडतो, फक्त उन्हाकडच्या बाजूला. सावलीतलं पान साफ असेल तर निदान झालं, पुढे वाचायची गरज नाही.

किडींमध्ये मनीप्लांटवर मला सगळ्यात जास्त दिसतो तो पिठ्या ढेकूण, पान आणि खोडाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका. त्याच्याआधी बहुतेक वेळा मुंग्या दिसतात, कुंडीवर मुंग्यांची रांग लागली की मी थेट बेचक्या बघते, कारण पिठ्या जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. चिकटा पडलेल्या पानावर नंतर काळी बुरशी धरते, ती ओल्या फडक्याने पुसली जाते, म्हणून ती मुख्य आजार नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुंजके पुसायचे, मग लिटरभर पाण्यात चमचाभर निमतेल आणि भांड्याच्या साबणाचे थेंब, संध्याकाळी, पानाच्या खालून वरून. आठवड्याने परत, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत आणि लोक मात्र एकदा मारून "काही फरक पडला नाही" म्हणतात. उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपक्यांची रांगोळी दिसली तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, चालणारे ठिपके पडले तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, पान धुतलं तरी निम्मं काम होतं. फुलकिडे चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक टिंब सोडतात.

पानावर ओलसर, तेलकट डाग आणि भोवती पिवळं वलय असेल, उजेडासमोर धरलं की डाग आरपार दिसत असेल, तर बहुधा जिवाणू. पान तोडून टाका, कात्री स्पिरिटने पुसा, पानांवर पाणी शिंपडणं बंद करा. यावर घरात फार काही औषध नाही.

आणि सकाळी पानाच्या टोकाशी जो पाण्याचा थेंब लोंबतो, "ताई झाड रडतंय", तो आजार नाही. रात्री माती ओली असते, पानातून वाफ जात नाही, मुळं पाणी वर ढकलत राहतात, ते पानाच्या टोकाजवळच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. रोज येत असेल तर माती जरा जास्तच ओली राहतेय एवढंच समजायचं. बारा महिने बऱ्या असलेल्या झाडाचं एखादं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन गळलं तर त्यातही काही नाही, ते पान म्हातारं झालं. माझ्या अनुभवाने काही फोटोंना उत्तर एवढंच असतं, आणि तेच कुणाला पटत नाही, काहीतरी करायला सांगितलं नाही तर बाईला काही कळत नाही असं होतं.

उपाय लागू पडला का हे बघतानाही लोक त्याच पिवळ्या पानाकडे बघत बसतात. ते परत हिरवं होणार नाही, करपलेलं टोक भरून येणार नाही. इलाज बरोबर होता का ते शेंड्याला येणारं पुढचं पान सांगेल, त्याला महिना लागू शकतो, आणि त्या महिन्यात दुसरं काही घालायचं नाही. एका वेळी एकच बदल, म्हणजे कशाने फरक पडला ते तरी कळेल. पाणी कमी केलं, जागा बदलली, खत घातलं, निमतेल मारलं आणि कुंडीही बदलली असं एकाच रविवारी केलं की झाड जगलं तरी काही शिकायला मिळत नाही.

राहता राहिलं पिवळं पान तोडायचं का. मी अर्धवट पिवळं पान तोडत नाही, त्यात अजून नायट्रोजन असतो, झाड तो काढून घेत असतं, पूर्ण वाळलं की आपोआप सुटतं. आमच्या खालच्या काकूंना हे अजिबात मान्य नाही, घरात पिवळं पान म्हणजे पैसा अडतो, दिसलं की तोडायचं. आमचं यावर कितीदातरी बोलून झालंय. तोडा म्हणते मी आता, फक्त तोडायच्या आधी ते शेंड्याचं होतं का बुडाचं तेवढं बघून ठेवा, आणि फोटो काढाल तेव्हा अख्ख्या कुंडीचा काढा.